बांबूचा कागद

आमच्या घरावरून रात्री ट्रक जायचे. झाडीपट्टीतलं छोटं गाव, मूलकडून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून झोपलो की आधी लांबून घरघर ऐकू यायची, मग समोरच्या चिंचेवर उजेड पडायचा आणि मग ट्रकभर बांबू डोळ्यांसमोरून सरकत जायचा. हौद्याच्या बाहेर हातभर लोंबणाऱ्या टोकांना लाल चिंधी बांधलेली असायची. "पेपर मिलचा माल," आजोबा कूस बदलत म्हणायचे. मी ट्रक मोजत झोपी जायचो. कधी नऊ, कधी बारा.

सकाळी उठलं की आम्ही पोरं रस्त्याकडे पळायचो. वळणावर एखादा बांबू सुटून पडलेला सापडे. तो दोघातिघांनी ओढत बुरडमोहल्ल्यात न्यायचा आणि बुरडआजीच्या दारात टाकायचा. ती हसायची आणि त्याच बांबूतून आम्हाला मुठीएवढी परडी विणून द्यायची. बाकीच्या बांबूचं सूप व्हायचं. ते ती बाजारात विकायची.

हे सत्तरच्या दशकातलं. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. २६ ऑगस्ट १९८२ला तो झाला. तोवर सिरोंचा, भामरागडपर्यंतचं सगळं रान एकट्या चंद्रपूरचं. आणि त्या रानातला बांबू कुठे जातो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तो बल्लारपूरला जातो.

बल्लारपूरला माझा मामा मिलमध्ये होता. दिवाळीच्या सुटीत छोट्या रुळांच्या गाडीनं चांदा फोर्टला उतरायचं, तिथून एसटीनं पुढे. गाव यायच्या आधी वास यायचा. शिजलेल्या बांबूचा, सोड्याचा, गंधकाचा एकवट झालेला उग्र वास. पहिल्या दिवशी डोकं दुखायचं, तिसऱ्या दिवशी तो जाणवायचाही नाही. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा फाटकातून बाहेर पडे. त्यात तेलुगू बोलणारे असत, छत्तीसगढी असत, उत्तरेकडचे असत आणि आमच्यासारखे झाडीतलेही असत. मामी भोंग्यावरून कुकर चढवायची. साऱ्या गावाचं घड्याळ ते एकच.

मामानं एकदा मला आत नेलं. बांबूचे तुकडे करणाऱ्या यंत्राचा आवाज छातीत घुमत होता. ते तुकडे मोठ्या भांड्यांत सोड्याबरोबर शिजवायचे, धुवायचे, उजळवायचे. शेवटी दुधासारखा पातळ लगदा जाळीवर सांडायचा आणि बघता बघता त्याचा ओला पट्टा तापलेल्या रुळांवरून धावत, वाळत, पलीकडे भल्या थोरल्या रिळावर कागद होऊन गुंडाळला जायचा. मामानं कडेचा एक तुकडा फाडून माझ्या हातात दिला. तो अजून कोमट होता. "हे तुमच्याच रानचं पान आहे रे, बापू," तो म्हणाला. मामाच्या आवाजातला तो अभिमान मी कधी विसरलो नाही. परदेशातून काही आणायला नको, आपला बांबू, आपली नदी, आपली माणसं आणि आपला कागद. त्या पिढीला यापेक्षा मोठी देशभक्ती ठाऊक नव्हती.

त्या अभिमानामागे एक भिंत उभी होती, हे मला पुष्कळ उशिरा वाचनातून कळलं. आणि ती भिंत स्वातंत्र्यानंतरची नव्हती. देशी उद्योगाला सुरुवातीला आडोसा हवा, हा विचार न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्यात, डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात मांडला होता. कोवळं रोप उघड्या वाऱ्यावर ठेवून मोठ्या झाडाशी त्याची शर्यत लावणं हा न्याय नव्हे, असा त्याचा मथितार्थ. इंग्रज सरकारनं तो अर्धामुर्धा मानायला आणखी तीस वर्षं लावली. १९२४ साली पोलादाला संरक्षण मिळालं आणि पुढच्याच वर्षी एक कायदा झाला, तो थेट बांबूच्या नावाचा: बांबू कागद उद्योग संरक्षण कायदा, १९२५. परदेशी छपाईच्या आणि लिहायच्या कागदावर पौंडामागे एक आणा जकात बसली. हिंदुस्थानात बांबू मुबलक आहे, त्यापासून कागद होऊ शकतो, पण स्वस्त विलायती कागदापुढे हा धंदा उभाच राहणार नाही, हे त्यामागचं कारण. १९३२ साली मुदत वाढली तेव्हा बाहेरून येणाऱ्या लाकडाच्या लगद्यावरही जकात लावली गेली. म्हणजे नुसता कागद इथे करून भागणार नव्हतं, तो इथल्याच बांबूचा असायला हवा होता.

बल्लारपूरची कंपनी १९४५ साली स्थापन झाली, थापर उद्योगसमूहाची. स्वातंत्र्यानंतर भिंत आणखी उंच झाली. आयातीला परवाना, कारखान्याला परवाना, उत्पादन वाढवायलाही परवाना. १९७५च्या वीस कलमी कार्यक्रमात विद्यार्थ्यांना नियंत्रित दरात वह्या-पुस्तकं हे एक कलमच होतं. गिरण्यांनी ठरावीक कागद सवलतीच्या भावानं शिक्षणासाठी द्यायचा. त्या कंट्रोलच्या वह्या मला आठवतात. पान किंचित पिवळसर, शाई जराशी पसरणारी. उन्हाकडे धरलं की आत तपकिरी कण दिसायचे. मी ते कण मोजायचो आणि आमच्या रस्त्यावरून गेलेला कुठला ट्रक या पानात असेल, असा विचार करायचो. वहीची शेवटची पानं गणिताला, मधली निबंधाला, पुठ्ठ्याची आतली बाजू चित्राला. एक कोपरा वाया जायचा नाही.

आज माझ्या नातीच्या दप्तरातल्या वह्यांचं पान दुधासारखं शुभ्र आहे. निम्म्या वह्या अर्ध्यात टाकलेल्या असतात. कागदाची चणचण, काळाबाजार, दुकानदाराची मनधरणी, यातलं काही तिला ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे. भिंतीच्या आत सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. स्पर्धा नव्हती म्हणून मालाचा दर्जा सुधारायची घाई नव्हती. मिळेल तो कागद, मिळेल त्या भावात. दक्षिण कोरियानंही आपल्या कारखान्यांना भिंत घालून दिली होती, पण आतल्यांकडून निर्यातीचा हिशेबही मागितला होता. आपण भिंत बांधली आणि हिशेब मागायचा विसरलो.

पण मला जास्त खुपतं ते वेगळंच.

बुरडआजीपुढे मी तासन्‌तास बसायचो. ती हिरवा बांबू घ्यायची, गाठी सुरीनं तासायची, टोकावर सुरी टेकवून वरून एकच ठोका द्यायची आणि बांबू कर्रर आवाज करत उभा चिरत जायचा. पायाच्या अंगठ्यात धरून ती त्याच्या कामट्या काढायची. हिरवी पाठ वेगळी, पांढरं पोट वेगळं. पाठीच्या कामट्या चिवट, म्हणून त्या सुपाच्या कडेला. पोटाच्या मऊ, त्या विणायला. मान खाली, बोटं आपोआप चाललेली. तिच्या तर्जनीवर जुन्या चिरांच्या इतक्या रेघा होत्या की ठसा उमटला असता की नाही, कुणास ठाऊक. त्या हातांतून धान पाखडायचं सूप निघायचं, धान साठवायची ढोली निघायची, लग्नातली झाल निघायची, कुडाचे ताटवे निघायचे. झाडीपट्टीत जन्माला आलेलं मूल सुपात ठेवायचे आणि मेलेलं माणूस बांबूवर न्यायचे. मधल्या साऱ्या आयुष्याला तिचा हात लागलेला असे.

"बांबू हाय तं पोट हाय, बापू," ती म्हणायची. आणि बांबू नसायचा. निस्तारात, म्हणजे गावकऱ्यांच्या गरजांसाठी राखलेल्या वाट्यात, बुरडांना सवलतीचा बांबू मिळे खरा, पण वनखात्याच्या डेपोवर जावं तर कधी आलेला नाही, कधी संपला, कधी उरलेला वाकडा आणि किडका. आणि रोज रात्री तिच्या दारावरून बारा ट्रक जायचे. एकदा तिनं मला विचारलं, "एवढ्या बांबूचं का करते जी मिलवाले?" मी दप्तरातून वही काढून तिच्या हातात दिली. तिनं पानावरून सावकाश हात फिरवला. "गुळगुळीत हाय जी," ती म्हणाली. "पर याच्यात धान नाई पाखडता येत."

मी तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही.

कारण ती जे म्हणत होती ते साऱ्या देशात घडत होतं. उद्योग वाढावा म्हणून सरकारांनी कागद गिरण्यांना लांब मुदतीच्या करारांवर जंगलं दिली, आणि बांबू दिला तो नाममात्र दरानं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी कर्नाटकातला हिशेब लिहून ठेवला आहे. तिथल्या गिरणीला बांबू टनाला जेमतेम दीड रुपयानं मिळत होता आणि बाजारात टोपल्या विणणाऱ्याला त्याच बांबूसाठी त्याच्या कित्येकशे पट मोजावे लागत होते. इतक्या स्वस्त मालाची काळजी कोण घेणार? बेटं ओरबाडली गेली.

म्हणजे मुंबईच्या बंदरावर परदेशी कागदासाठी भिंत होती आणि तिनं मिलला जपलं. मामाला जपलं, मामीच्या कुकरला जपलं, माझ्या वहीला जपलं. पण त्याच मिलपासून बुरडआजीला जपणारी भिंत कुठेच नव्हती. ज्या गोंड आणि माडिया माणसाच्या रानातला बांबू तुटत होता, त्यालाही नव्हती. १९२७च्या वन कायद्यात बांबूला झाडांत धरलं होतं, म्हणून तो सरकारचा. गावकऱ्यानं तोडला तर चोरी, मिलनं तोडला तर विकास. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, खुडून आणतानाही बायका इकडेतिकडे बघायच्या.

आमच्याच जिल्ह्यात यावर आधी विचार झाला नव्हता असंही नाही. मूल आणि गडचिरोलीच्या मधलं सावली हे आमच्या रस्त्यावरचंच गाव. १९३६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे गांधी सेवा संघाचं संमेलन भरलं होतं आणि गांधीजी मुक्कामाला होते. त्याआधी जेमतेम सव्वा वर्षापूर्वी वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला होता आणि तिथल्या मगनवाडीत अर्थतज्ज्ञ कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातकागदाचे प्रयोग चालले होते. स्वदेशी म्हणजे नुसतं परदेशी नको एवढंच नाही, शेजारच्या माणसाच्या हाताला काम हवं, हा त्या मंडळींचा आग्रह होता. आपण त्या आग्रहाचा पहिला अर्धा भाग घेतला. दुसरा सावलीच्या रस्त्यावर राहून गेला.

मग भिंत पडायला लागली. १९९१नंतर हळूहळू, पुढे भराभर. आसियान देशांबरोबरचा मालाच्या व्यापाराचा करार १ जानेवारी २०१०पासून लागू झाला आणि त्या देशांतून येणाऱ्या कागदावरची जकात टप्प्याटप्प्यानं शून्यावर आली. त्याआधीच, २००७ साली, बल्लारपूरच्या कंपनीनं बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबा प्रांतात, लगद्याचा कारखाना जंगलासकट विकत घेतला होता. आमच्या रानातल्या बांबूवर वाढलेली कंपनी लगद्यासाठी समुद्रापलीकडच्या रानात गेली. तिथून ती कर्जाचं मोठं ओझं घेऊन परतली आणि २०२०च्या जानेवारीत मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एव्हाना देशभरच्या गिरण्या बांबू सोडून निलगिरी, सुबाभूळ आणि आयात लगद्याकडे वळल्या होत्या. मामा हे बघायला नव्हता. असता तर त्याला ती बातमी सांगायचं धैर्य मला झालं नसतं.

बांबू मात्र संपला नाही. त्याच्या वाट्याला नवी लढाई आली, ती अगदी काडीएवढ्या वस्तूवरून. अगरबत्तीच्या काडीवरून.

गडचिरोलीत वनविभागानं अगरबत्तीची केंद्रं काढली. गावोगावच्या बायका बांबूच्या काड्यांवर मसाला चढवू लागल्या. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४ साली बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. पण बाजारात चीन आणि व्हिएतनामची काडी आधीच येऊन बसली होती. २०११ साली जकात ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली गेली होती. खादी आयोगाच्या हिशेबानं कच्च्या अगरबत्तीची आयात २००९ साली ३१ कोटी रुपयांची होती, ती २०१९पर्यंत ५४६ कोटींवर गेली. देवापुढची अगरबत्तीसुद्धा बोटीनं यायला लागली! अखेर ऑगस्ट २०१९मध्ये अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले आणि जून २०२०मध्ये बांबूच्या काडीवरची जकात १० टक्क्यांवरून २५ टक्के झाली. भिंत पुन्हा बांधली गेली.

ती बांधली हे योग्यच झालं, असं मी मनापासून मानतो. दिवसभर काड्या वळून चार पैसे मिळवणाऱ्या बाईला जगभरच्या यंत्रांशी एकटीनं झुंजायला लावणं हा अन्याय आहे. पण फक्त जकातीनं भागत नाही, हे आमच्या जिल्ह्यानं एकदा पुरेपूर अनुभवलं आहे. बाहेरची काडी गोल, एकसारखी, लांब पेरांच्या बांबूची. आमच्याकडचा मानवेल जातीचा बांबू भरीव आणि आखूड पेरांचा. त्यातून अगरबत्तीची काडी काढली तर बराचसा बांबू वाया जातो. त्या उरलेल्याचं काय करायचं, यंत्र कुठलं घ्यायचं, माल कुणाला विकायचा, याची उत्तरं जकातीच्या कागदावर नसतात. भिंत वेळ मिळवून देते, इतकंच. तो वेळ कुणाच्या हाती पडतो यावर पुढचं सगळं ठरतं.

म्हणून मला मेंढा गावाचं महत्त्व बंदरावरच्या कुठल्याही जकातीपेक्षा जास्त वाटतं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं गावानं अभ्यास केला, एकमतानं निर्णय घ्यायची शिस्त लावून घेतली आणि रानातला बांबू कुणी तोडायचा हा प्रश्न धीटपणे विचारला. २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपजात धरलं. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतुकीचा परवाना मिळेना. बांबू तुमचा, पण रस्त्यावर आणायचा नाही! शेवटी २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. नोव्हेंबर २०१७मध्ये वन कायद्यातही बदल झाला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू झाड राहिला नाही.

त्या परवान्याच्या पुस्तकाचा विचार मनात आला की मला माझी वही आठवते. या रानातल्या बांबूचा टनावारी कागद झाला. त्यावर देशाची पुस्तकं छापली गेली, आमचे निबंध लिहिले गेले, कचेऱ्यांच्या फायली भरल्या. पण त्या बांबूवर हक्क कुणाचा, हे सांगणारं गावाचं नाव एका कागदावर यायला इतकी वर्षं जावी लागली.

हा प्रश्न आता लोखंडाच्या रूपात परत आला आहे. जमशेदजी टाटांच्या मनात पोलादाचं स्वप्न रुजलं ते १८८२ साली, आमच्याच चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजाबद्दलचा अहवाल वाचून. पुढे तो कारखाना दुसरीकडे झाला. आज सुरजागडच्या डोंगरातलं खनिज निघतं आहे, कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे, गडचिरोलीला पोलादाचं केंद्र म्हणू लागले आहेत. कारखाना इथे व्हावा, कच्चा माल नुसता बाहेर जाऊ नये, ही आमच्या भागाची जुनी मागणी होती आणि ती रास्त होती. पण रात्री ट्रक मोजणारी पोरं आता एटापल्लीच्या रस्त्यालाही असतील. त्यांच्या वाट्याला त्यातलं काय येणार, हे आत्ताच विचारायला हवं. आमच्या वेळी ते कुणी विचारलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो. चिंच आहे, बाजा नाहीत. बुरडमोहल्ल्यातली चारच घरं अजून विणतात. बाजारात प्लास्टिकची सुपं आली आहेत, हलकी आणि रंगीत. लग्नापुरती मात्र बांबूचीच लागतात. बुरडआजीच्या नातसुनेकडे गेलो. ती दारात बसून कामट्या काढत होती, तसाच अंगठ्यात बांबू धरून. बांबू कुठून आणता, विचारलं. तिनं धानोऱ्याकडे हात केला. "तिकडच्या गावातून इकत आणतो जी. तेयचं जंगल हाय." ज्यांचं जंगल त्यांना हक्क मिळाला, पण ज्यांच्या फक्त हातात कसब आहे, त्यांना अजून विकतच घ्यावं लागतं. हिशेब पुरता जुळलेला नाही.

तरी तिच्या बोलण्यातला एक शब्द मी सोबत घेऊन आलो. आजी कायम म्हणायची, "डेपोत बांबू नाई." नातसून म्हणाली, "तेयचं जंगल हाय." इतक्या सहजपणे, जणू ते कायमच त्यांचं होतं.

मी एक सूप घेतलं. घरी आणून त्यात थोडं पाणी ओतून पाहिलं, लहानपणी आम्ही बघायचो तसं. वीण घट्ट होती. पहिला थेंब गळायला बराच वेळ लागला.